पडद्यावरचा जामीनदार

मराठी माणसाने काढलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट हरिश्चंद्राचा असला, तरी ज्या पडद्यापुढे बसून तो काढण्याची कल्पना त्याला सुचली त्या पडद्यावर त्या वेळी येशू ख्रिस्त होता, ही हकिगत चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते आणि सांगून झाल्यावर नेहमी विसरली जाते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला; आणि पुढे ‘नवयुग’ मासिकात आपली कैफियत मांडताना त्यांनी स्वतःच सांगितले की, डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे जीवन सरकत असता मनश्चक्षूंपुढे मात्र कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो या दुहेरी दृष्टीचा परिणाम होय.

फाळक्यांनी ख्रिस्त पाहिला आणि त्यांना कृष्ण आठवला. याच्या नेमका उलट प्रवास गेली कित्येक दशके पाश्चात्त्य देशांतील धर्मोपदेशक, सेमिनरीतील अध्यापक आणि चित्रपटसमीक्षक करीत आले आहेत. परग्रहावरचा प्राणी, बंदूकधारी डाकू, संगणकाच्या मायाजालातून जागा झालेला तरुण यांच्यापैकी कोणालाही पाहून त्यांना ख्रिस्त आठवतो, आणि अलीकडे हा शोध चित्रपटगृहातून निघून व्हिडिओ गेमच्या पडद्यापर्यंत पोहोचला आहे. या उद्योगाविषयी आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणी त्याला ओढाताण म्हणून मोडीत काढतो, तर कोणी, विशेषतः आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील तरुण, त्यात हरखून जाऊन प्रत्येक पसरलेल्या हातात क्रूस पाहू लागतो. माझ्या मते हा शोध रास्त आहे, परंतु तो खुणांचा नसावा, सिद्धान्ताचा असावा. आणि तसा तो केला तर जळगाव-धुळ्याच्या परिसरातच त्याला असा मजकूर मिळतो की हॉलिवूडकडे जाण्यापूर्वी तिकडे वळावे.

खुणांचा शोध फार सोपा असतो. नायकाच्या नावाची आद्याक्षरे ख्रिस्ताच्या इंग्रजी नावाशी जुळावीत (‘टर्मिनेटर’मधला जॉन कॉनर आणि ‘द ग्रीन माइल’मधला जॉन कॉफी ही त्याची ठळक उदाहरणे), त्याचे वय तेहेतीस असावे, त्याला कोणी जेवणाच्या टेबलावरून उठून फितूर व्हावे, त्याने मरून उठावे आणि जमल्यास आकाशात जावे, एवढी सामग्री जमली की निबंध तयार होतो. १९८२ च्या ‘ई.टी.’मध्ये आकाशातून उतरलेला जीव बोटाच्या स्पर्शाने जखम भरतो, मरतो, पुन्हा जिवंत होतो आणि वर निघून जातो. त्याच्या जाहिरातीतील एकमेकांकडे झेपावणारी दोन बोटे मायकेलअँजेलोच्या ‘आदामाची उत्पत्ती’ या चित्रावरून घेतली होती. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ या सुपरमॅनपटात तर खुणांचा सुकाळच आहे: नायक तेहेतीस वर्षांचा, चर्चमध्ये पाद्र्याशी बोलताना त्याच्या मागच्या रंगीत काचेवर गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा ख्रिस्त, आणि पुढे अंतराळात हात फैलावून सोडून दिलेला देह. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने त्या वेळी अमेरिकेतील पाळकांना प्रवचनाची टिपणेसुद्धा तयार करून दिली होती. निर्मात्याच्या जाहिरात खात्यातूनच धर्मशास्त्र येऊ लागले म्हणजे वाचकाने सावध व्हावे. कारण या चित्रपटातला तारणारा अखेर शत्रूची मान मोडून जिंकतो, आणि त्या क्षणी खिडकीच्या काचेवरचा ख्रिस्त शोभेपुरता उरतो.

मग सिद्धान्त म्हणजे काय, आणि तो ओळखावा कसा? ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या गाभ्याशी जे प्रायश्चित्ताचे तत्त्व आहे ते समजण्यासाठी खानदेशच्या वाचकाला ग्रीक किंवा लॅटिन येण्याची गरज नाही. सावकाराचे खत, त्यावरचा अंगठा, दुष्काळाच्या वर्षी चढत जाणारे व्याज, दारावरचा तगादा, दिवाणी कोर्टातील दरखास्त, जप्तीचा हुकूम, आणि हे सर्व ओढवण्याच्या घटकेला ऋणकोच्या वतीने सही करणारा जामीनदार, हा व्यवहार कापूस पिकविणाऱ्या या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. जामीनदार कर्ज माफ करीत नाही. कर्ज खरेच असते आणि ते फेडावेच लागते, मात्र फेडणारा हात बदलतो. ख्रिस्ती प्रायश्चित्तात याच्याही पुढचे एक पाऊल आहे, कारण तेथे धनकोच स्वतः जामीनदार होऊन येतो आणि आपल्याच दप्तरातील येणे आपल्या अंगावर वसूल करून घेतो. हा दाखला माझ्या पदरचा आहे असेही नाही. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने वधस्तंभाचे वर्णन करताना आपल्याविरुद्धचा लेखी दस्तऐवज खिळून टाकल्याचीच प्रतिमा योजिली आहे.

यावरून चित्रपटाला विचारावयाचा पहिला प्रश्न निघतो: येथे चूक कोणाची आणि तिची किंमत मोजतो कोण? चूक दुष्टाची आणि किंमतही दुष्टानेच मोजली, तर तो न्यायाचा चित्रपट झाला. आपले बहुतेक लोकप्रिय चित्रपट या जातीचे आहेत आणि त्यात गैर काही नाही. चूक माझी, भोगही माझाच, ही कर्मसिद्धान्ताची मांडणी झाली. चूक माझी आणि भोग ज्याचा काही संबंध नाही त्याने स्वखुशीने घेतला, तर मात्र आपण ख्रिस्ती प्रदेशाच्या वेशीवर आलो असे समजावे. दुसरा प्रश्न सामर्थ्याविषयीचा आहे. तारणारा बळाने तारतो की बळ टाकून? फिलिप्पैकरांस पत्रातील देहधारणेचा विचार असा की, जो देवाच्या रूपात होता त्याने स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले. धर्मशास्त्री याला शून्यीकरण म्हणतात. तिसरा प्रश्न कृपेचा. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाची कबुली पुरी ऐकूनही घेत नाही, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि घरी राबलेला थोरला भाऊ हिशेब मांडीत दाराबाहेर रुसून राहतो. कथेत हिशेब मोडणारी अशी उधळपट्टी आहे का, हे पाहावे.

मराठीत हे विचार परके नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. फादर स्टीफन्सने १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ते सुमारे अकरा हजार ओव्यांतून मांडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी तडीस नेलेले ‘ख्रिस्तायन’ही ओवीबद्धच आहे. हे टिळक १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनास आले होते; धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरसवदा कवी ज्या संमेलनात ‘बालकवी’ झाला तेच ते. टिळक त्याला पुढे नगरला आपल्या घरी घेऊन गेले. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून भिल्लांच्या वस्तीत काम केले आणि नवापूरकडच्या चिंचपाड्याचे इस्पितळ त्याच परंपरेतले आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली हे सर्वश्रुत आहे. त्याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले, हे तेवढे सर्वश्रुत नाही. गावोगाव पडदा लावून दाखविल्या गेलेल्या ख्रिस्तपटांची गोष्टही यातच येते. १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ या नावाने, आणि लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा ‘जीझस’ असंख्य भाषांतून, देशभर फिरत राहिला.

आता मालेगाव. नाशिक जिल्हा १८६९ साली निर्माण होईपर्यंत हा तालुका खानदेशातच मोडत असे, आणि आजही आग्रा रोडने धुळ्याहून तो जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. यंत्रमागांच्या या गावातील शेख नासिर यांनी घरगुती कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढून गावाला वेड लावले. आणि मग त्यांनी सुपरमॅनला मालेगावात आणण्याचे ठरविले. हा चित्रपट तयार होत असता फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि अलीकडे रीमा कागती यांनी त्याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट काढला.

मूळचा सुपरमॅन १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांच्या कल्पनेतून निघाला. नाश पावणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी तान्ह्या मुलाला यानात घालून सोडून द्यावे, ही कल्पना नाईल नदीत टोपलीतून सोडलेल्या मोशेची आठवण देते असे पुष्कळांनी म्हटले आहे. १९७८ च्या चित्रपटात मात्र बापाने आपल्या एकुलत्या एक पुत्राला मानवजातीला वाट दाखविण्यासाठी पाठविल्याचे भाषणच घातले गेले आणि मोशेचा ख्रिस्त झाला. आपल्याकडील प्रेक्षकाला यात वसुदेवाची टोपली आणि यमुनेचा पूर दिसणार, किंवा नदीत सोडलेला कर्ण दिसणार, हे फाळक्यांच्या अनुभवावरून सहज सांगता येईल. आणि तसे दिसण्यात चूक काहीच नाही, कारण टोपलीतले मूल ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. ख्रिस्ती विचार टोपलीत नसतो. टोपलीतून उतरल्यावर ते मूल आपल्या बळाचे काय करते, यात तो असतो.

मालेगावच्या सुपरमॅनने बळाचे काय केले? त्याच्यापाशी ते नव्हतेच. शफीक नावाचा यंत्रमाग कामगार, अंगाने काटकुळा, सुपरमॅनच्या वेषात उभा राहिला. त्याचा शत्रू तंबाखूचा पुरस्कर्ता. आणि हा महामानव उडताना धडपडणारा. सगळा प्रकार विडंबनाचा, हसवण्यासाठी केलेला, आणि करणारे मुसलमान, ज्यांच्या धर्मात ईसा हे आदरणीय पैगंबर असले तरी देवाचा पुत्र किंवा वधस्तंभावरचे मरण मान्य नाही. म्हणून मी पुढे जे म्हणतो त्याची जबाबदारी त्यांच्यावर मुळीच नाही. ते सर्वस्वी वाचणाऱ्याचे आहे. परंतु ‘मॅन ऑफ स्टील’च्या पोलादी छातीपेक्षा या बारक्या छातीवरची सुपरमॅनची ती खूण शून्यीकरणाच्या कल्पनेच्या अधिक जवळ आहे. ज्यांना तारावयाचे त्यांच्याच गल्लीत राहणारा, त्यांच्याच धुळीत खोकणारा, त्यांच्याइतकाच दुबळा तारणारा हॉलिवूडला करोडो डॉलर खर्चून दाखविता आला नाही. तंबाखूच्या विरुद्ध लढणाऱ्या सुपरमॅनची भूमिका केलेला शफीक पुढे कर्करोगानेच वारला. या दुर्दैवावर धर्मशास्त्र रचण्याचा मोह टाळावा हे बरे. खऱ्या माणसाचे मरण हे रूपक नसते.

याहून भक्कम उदाहरण मराठी दिग्दर्शकाचेच आहे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या ज्यू अभियंत्याच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, आणि तेथेच कॅथलिक चित्रपट संघटनेनेही त्याला पारितोषिक दिले. त्या संघटनेच्या परीक्षकांनी त्यात काय पाहिले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

आदिनाथ हा जेलर सहा खुनी कैद्यांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन त्यांना बेड्यांशिवाय एका ओसाड माळरानावर नेतो. येथेच आपला जामीनदार आला. सहा जणांनी विश्वासास पात्र ठरावे म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकलेला नाही. विश्वास आधी टाकला आहे, पात्रता मागाहून आली तर येईल, अशा क्रमाने हा व्यवहार चालतो, आणि कृपा ज्याला म्हणतात तिचा क्रम नेमका हाच असतो. कर्मसिद्धान्ताने हा क्रम उलटा लागतो. तुरुंगाच्या नियमांनीही उलटाच लागतो, म्हणून वरिष्ठांना तो वेडेपणा वाटतो. कैदी माळरानावर भाजी पिकवितात, रास्त भावाने विकू लागतात, बाजारातील व्यापाऱ्याचा धंदा बसतो. मार खाऊनही हात उगारावयाचा नाही हे जेलरला दिलेले वचन ते पाळतात, आणि शेवटी व्यापाऱ्याने मोकाट सोडलेल्या बैलांपुढे शेत आणि माणसे वाचविताना आदिनाथ प्राण देतो. (या प्रसंगाचे चित्रण करताना खुद्द शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती, शीर्षकातील दोन डोळ्यांच्या संदर्भात हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.)

मेंढरांसाठी जीव देणाऱ्या उत्तम मेंढपाळाचा योहानाच्या शुभवर्तमानातील विचार येथे उघड आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट नंतरची आहे. आदिनाथ गेल्यावर त्याचे डोळे त्या सहा जणांवर राहतात, आणि ही राखण तुरुंगाच्या पहाऱ्याची नसते, आतून बांधून ठेवणारी असते. येशू गेल्यानंतर शिष्यांपाशी पवित्र आत्मा राहिला, असे जे ख्रिस्ती मत आहे त्याची ही छाया म्हणता येईल. शांतारामांना हे अभिप्रेत होते का? त्यांच्यासमोर गांधी होते, हे उघड आहे. पण गांधींच्या मेजावर डोंगरावरील प्रवचन होते, हेही तितकेच उघड आहे. एक कल्पना तीन हातांतून फिरून आली म्हणजे तिच्या मूळ मालकाचे नाव सात-बारावर सापडत नाही.

म्हणूनच या शोधात संयम लागतो. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आईचा त्याग, क्षमा आणि प्रेम पाहून एखाद्या उत्साही वाचकाला तेथेही मरिया किंवा ख्रिस्त दिसेल. पण ते जबरदस्तीचे होईल. श्यामची आई मुलाचे ऋण स्वतःच्या अंगावर घेत नाही, ती त्याला ऋण फेडावयास शिकविते. तिचे वळण संस्काराचे, भक्तीचे, कोकणातील ब्राह्मणी घराचे आहे आणि त्याची थोरवी त्याच खात्यावर राहू द्यावी. जे जे उदात्त ते ते आपल्याच धर्माच्या नावे जमा करण्याची सवय कोणत्याही पंथाला असो, ती अखेर दुसऱ्याच्या मालमत्तेवर टाच आणण्यातलीच आहे.

अमळनेरचे नाव निघाले तर तेथील तत्त्वज्ञान मंदिराचेही घ्यावे. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या या संस्थेत शांकर अद्वैताचा अभ्यास दीर्घकाळ चालला, आणि त्या वातावरणातील एखाद्या जुन्या अभ्यासकापुढे १९९९ चा ‘द मेट्रिक्स’ लावला असता तर त्याने तो निःशंकपणे मायावादाचा म्हणून दप्तरी लावला असता. चित्रपटात ख्रिस्ती नावांची रेलचेल आहे: ट्रिनिटी म्हणजे त्र्यैक्य, झायन म्हणजे सियोन, आणि जहाजावरील पाटीवर मार्कच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या ओळीचा निर्देश. तरीसुद्धा पहिल्या भागातील मुक्ती ज्ञानाने मिळते, जग आभास आहे हे कळल्याने मिळते, आणि हा विचार अद्वैताचा किंवा फार तर ख्रिस्ती सभेने पाखंड ठरविलेल्या ज्ञानवादी पंथांचा आहे. ख्रिस्ती वळण येते ते २००३ च्या तिसऱ्या भागात, नायक शत्रूच्या नगरीत जाऊन दोन्ही पक्षांसाठी स्वतःला देऊन टाकतो तेव्हा. आणि त्याच चित्रपटाच्या शेवटी पार्श्वसंगीतात उपनिषदातील प्रार्थना वाजते! निर्मात्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला आहे खरा, पण तो बेमालूम ठेवला आहे. टॉल्किनची तऱ्हा याहून निराळी. तो श्रद्धाळू कॅथलिक होता, रूपककथेचा त्याला तिटकारा होता, म्हणून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ना चर्च आहे ना उघड उपासना, मात्र अंगठी नष्ट होण्याचा दिवस त्याने कादंबरीत २५ मार्च ठेवला, जो मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा सण आहे आणि जुन्या परंपरेने वधस्तंभाचाही दिवस मानला गेला आहे. आणखी एक गोष्ट: अंगठी अग्निकुंडात टाकण्याची वेळ येते तेव्हा नायक फ्रोडोचा निर्धार ढळतो. काम पुरे होते ते पूर्वी त्याने दया करून जिवंत सोडलेल्या गॉलममुळे. नायक स्वतःच्या पुण्याईने जिंकत नाही, हा कृपेचा सिद्धान्त एवढ्या आडवळणाने क्वचितच कोणी सांगितला असेल.

व्हिडिओ गेमकडे वळताना प्रश्न अवघड होतो, कारण तेथे आपण प्रेक्षक नसतो, कर्ता असतो. खेळाची रचनाच मुळी गुण, शिक्षा, बक्षीस आणि पुन्हा प्रयत्न यांवर उभी असते. करावे तसे भरावे हा न्याय संगणकाला जितका काटेकोर पाळता येतो तितका यमाच्या दरबारातील चित्रगुप्तालाही पाळता आला नसेल. त्यामुळे बहुतेक खेळ हे कर्मसिद्धान्ताची यंत्रे होत, आणि कृपा, जी हिशेब मोडते, ती त्यांच्यात दाखविणे फार कठीण. रिचर्ड गॅरियट यांचा १९८५ चा ‘अल्टिमा ४’ हा खेळ यात मैलाचा दगड मानला जातो, कारण त्यात राक्षसाला मारणे हे उद्दिष्टच नव्हते; आठ सद्गुण अंगी बाणवून अवतार व्हावयाचे होते. पण तेथेही सद्गुण मोजले जात, म्हणजे हिशेब आलाच.

पुनरुत्थानाचे तर खेळाने अवमूल्यनच केले आहे. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून, ही सोय मिळाल्यावर मरणाला काही भय उरत नाही आणि उठण्याला काही अर्थ उरत नाही. खेळणाऱ्याचा देहही असाच वरवरचा असतो: पडद्यावरच्या शरीराला गोळी लागते, हाताला लागत नाही. आरंभीच्या ख्रिस्ती सभेने एका मताविरुद्ध निकराने लढा दिला होता, ते मत असे की ख्रिस्ताचा देह केवळ भासमान होता, त्याला खरी वेदना झालीच नाही. त्या पाखंड्यांना आजचा मोबाइलवरील खेळ चांगला उमगला असता. तरीही आमच्या गावांतील मुले चौकाचौकांत बसून जो बीजीएमआय हा लढाईचा खेळ खेळतात, त्या खेळात शेवटी एकच तुकडी जिवंत राहण्याचा क्रूर नियम असूनही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोळी लागून कोसळलेल्या सोबत्याला उठवावयाचे तर काही सेकंद त्याच्याजवळ बसून राहावे लागते, आणि तेवढा वेळ बसणारा स्वतः गोळीच्या टप्प्यात असतो. रस्त्यावर पडलेल्या जखमीजवळ थांबलेल्या शोमरोनी मनुष्यालाही तोच धोका होता. लुटारू फार लांब गेलेले नसावेत.

२०१३ च्या ‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये नायकाला हवेतील नगरीत प्रवेश मिळण्यापूर्वी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, आणि एका ख्रिस्ती खेळाडूने या सक्तीबद्दल तक्रार केल्यावर विक्रेत्याने त्याचे पैसे परत केले होते. कथेच्या शेवटी कळते की, नरसंहारात हात रंगलेला एकच मनुष्य एका जगात बाप्तिस्मा नाकारतो आणि दुसऱ्या जगात तो घेऊन, नवे नाव धारण करून, जुलमी धर्मगुरू बनतो. पश्चात्तापावाचून मिळालेली फारखती माणसाला किती भयंकर करू शकते, हे यात दाखविले आहे. नाझींनी १९४५ साली फासावर चढविलेल्या डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने आपल्या ग्रंथात स्वस्त कृपा आणि महाग कृपा यांत केलेला भेद समजावून देण्यास इतके चांगले उदाहरण मला दुसऱ्या कोणत्या खेळात आढळले नाही.

महाग कृपेचे उदाहरण मात्र २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये आहे, आणि योगायोग असा की ते सावकारीतूनच निघते. आर्थर मॉर्गन हा डाकू टोळीच्या सावकारी कर्जाची वसुली करतो. थॉमस डाउन्स नावाच्या क्षयग्रस्त शेतकऱ्याला तो मारहाण करतो, त्याच झटापटीत त्याला क्षयाची बाधा होते आणि डाउन्सच्या कर्जाचे व्याज त्याच्या फुप्फुसातून फिरू लागते. पुढे मरण दिसू लागल्यावर खेळणाऱ्याने तसे ठरविले तर आर्थर ऋणकोंना मोकळे सोडतो, त्या शेतकऱ्याच्या विधवेला मदत करतो, सावकाराला टोळीतून हाकलतो. आणि अखेर पाठलाग करणाऱ्यांना स्वतः थोपवून धरून जॉन मार्स्टनला बायकोमुलाकडे पळून जाऊ देतो. वसुली करणारा जामीनदार झाला, हा प्रवास पुरा झाला. खेळात सन्मानाची एक मापपट्टी सतत हलत असते, तेवढी मात्र मला खटकते. जो पश्चात्ताप पट्टीवर दिसतो तो थोडासा पगारी होतो.

पट्टीच नसलेला एक खेळ आहे. रायन आणि एमी ग्रीन या श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्याने आपल्या जोएल या कर्करोगग्रस्त मुलाविषयी केलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ २०१६ साली आला. मुलगा २०१४ सालीच गेला होता. त्यातील इस्पितळाच्या एका प्रसंगात मूल रडत असते आणि बापाच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या, कोणत्याही उपायाने ते थांबत नाही. पेय, येरझाऱ्या, पाळणा, सर्व करून पाहिले तरी बटणे निरुपयोगी ठरतात, आणि उरते ती केवळ प्रार्थना. ज्या माध्यमाचे सगळे आकर्षण हाताच्या कर्तृत्वावर अवलंबून आहे त्या माध्यमात हात असे बांधून टाकणे, हे ईयोबाच्या ग्रंथाचे अलीकडचे सर्वांत प्रामाणिक भाष्य होय असे मी मानतो; ईयोबालाही अखेरीस उत्तर मिळाले नाही, फक्त बोलणारा भेटला. या खेळाचा धंदा फारसा झाला नाही. असंख्य लोकांनी तो विकत न घेता दुसऱ्या कोणी खेळलेला यूट्यूबवर पाहिला, आणि ग्रीन यांनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ती पैशाची खंत होतीच, पण पाहणाऱ्यांना गोष्ट सगळी कळली आणि ते रडणे आपल्या हातांनी थांबविता येत नाही हे कळावयाचे राहिले, यात शंका नाही.